रिकामं वजन

ऑक्टोबरचे चार दिवस उरलेत.
डिचोलीच्या बाजारातून सहा वह्या आणल्या,
दोनशेपानी, एकरेघी.
दुकानदार म्हणाला, नातवाला?
मी हो म्हटलं.
नातू नाही मला.

नियम भाचीनं सांगितले, उर्वीनं, मडगावहून, फोनवर.
एक ते तीस नोव्हेंबर. पन्नास हजार शब्द.
मागं जाऊन वाचायचं नाही,
खोडायचं तर मुळीच नाही,
आणि एक तारखेच्या आत एकही वाक्य लिहायचं नाही.
तयारी करा हवी तेवढी, मामा.

हिशेब मला येतो.
रोजचे सोळाशे सदुसष्ट.
एकवीस वर्षं खाणीच्या काट्यावर बसलो होतो:
टिप्पर रिकामा आत जाताना एक वजन,
भरून बाहेर येताना दुसरं,
वजाबाकी केली की माल.
शब्दांचं कसं करायचं, विचारलं तिला.
सगळे सारखेच धरायचे, म्हणाली.
‘आणि’सुद्धा?
‘आणि’सुद्धा.

शालननं जेवणाच्या टेबलाची
खिडकीकडची बाजू दिली महिन्यासाठी.
लोणच्याची बरणी मात्र तिथंच राहणार,
कादंबरी असो नाहीतर आणखी काही.
भिंतीवर दोरी बांधली, कपड्यांचे चिमटे लावले,
काट्याच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर
एकेक माणूस लिहून टांगला:
कुष्टा, ड्रायव्हर, डाव्या कानानं कमी ऐकतो.
त्याची बायको सुकांती.
सुपरवायझर, याला अजून नाव नाही.
पंखा लावला की सगळे एकमेकांवर आपटतात.

मागच्या वर्षी अकराव्या दिवशी थांबलो.
चुलतभावाच्या घरी लग्न होतं, असं सांगितलं सगळ्यांना.
लग्न होतं हे खरं,
पण ते बाविसाव्या दिवशी.

काल वाड्यावरची पोरं आली, रद्दी मागत.
नरकासुराचा सांगाडा उभा झालाय,
बांबू बांधून झाले, पोट भरायचं राहिलंय.
मी मागच्या वर्षीचे अकरा दिवस देऊन टाकले,
एका प्लास्टिकच्या पिशवीत मावले.

रात्री शेडमधल्या बल्बखाली
ती कागद चुरगाळून कोंबत होती,
दत्तेश तेवढा एक पान धरून उभा,
ओठ हलवत, खळ लागलेल्या बोटांनी.
कुंपणाशी येऊन म्हणाला,
‘काका, हो कुष्टा भितर गेलो.
मागीर भायर केन्ना येता?’
म्हटलं, ठाऊक नाही.
‘तुमीच बरयलां न्हय?’

त्यानं पानाची चौघडी घातली, खिशात ठेवली,
आणि परत गेला पोट भरायला.

फेब्रुवारी महिना होता, पहाटेचे चार दहा.
गाडी आत गेली, नऊ टन दोनशे दहा, रिकामी.
पुढचा रकाना संध्याकाळपर्यंत कोरा.
दुसऱ्या दिवशीही कोरा.
सुपरवायझर म्हणाला,
नोंद चुकली असेल तुझी, रेघ मार.
माझं अक्षर चांगलं होतं, रेघाही सरळ यायच्या,
पट्टी न लावता.
तीही सरळ आली.

पुढं खाणी बंद पडल्या. काटा गंजला,
रजिस्टरं कुठं गेली कोण जाणे.
ती ओळ मला पाठ आहे,
रेघेखालचीसुद्धा.

आज पेनात शाई भरून पाहिली.
वाक्य लिहायचं नाही, हे ध्यानात ठेवून
पहिल्या वहीच्या लेबलावर,
पोरं विषय लिहितात त्या जागी,
गाडीचा नंबर घातला.
शालननं पाहिलं, बरणी चार बोटं सरकवली.

नंबराला वाक्य म्हणत नसावेत.
उर्वीला विचारलेलं नाही.